पारव्या रंगाची पलटण

३ ऑगस्ट

चिमे,

आशीर्वाद, खुशाली, सगळं नेहमीसारखं धरून चाल. आता कामाचं बोलतो.

सोबत एक डबा आहे. टपालवाल्यानं आपटला नसेल तर आत बारा सैनिक धडधाकट निघतील, बोटाच्या पेराएवढे, प्लास्टिकचे. तुझ्या वहिनीच्या भाषेत ‘म्हातारपणीचं खूळ’. रिटायर झाल्यापासून मी एका कल्पित ग्रहाच्या दुसऱ्या चंद्रावरची पलटण रंगवतोय ना, तीतलेच हे. एकूण चाळीस हवेत. अठ्ठावीस झाले, बारा राहिले. सतरा डिसेंबरला सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये माझा आणि मास्तरांचा सामना आहे, टेबलावर सैनिक मांडून लढायचा. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवायचे ते. चार वर्षं मला सलग हरवतायत. आमच्या मंडळाचा नियम असा की एकही सैनिक बिनरंगाचा टेबलावर चढत नाही. आणि माझ्याच्यानं एवढ्यात व्हायचं नाही, कारण हल्ली बल्बच धड मिळत नाहीत. तीन बदलले, तिन्ही पिवळट.

तू दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं खोट्या दातांना खऱ्याचा रंग चढवतेस. तुझ्यासारखा हात दुसरा कुणाचा आहे? कृती सोपी. आधी राखाडी अस्तर. वर चिलखताला पारवा, आईच्या शालीचा होता तो. मग काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून सोड, तो आपला आपण खाचांमध्ये उतरतो. वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडा उजळ कर. शेवटी पायाखालची चकती : पांढरा डिंक, बारीक वाळू, बुचाचे तुकडे, म्हणजे पडक्या शहराचा राडारोडा दिसतो.

पारवा नेमका कसा ते कळावं म्हणून माझे तीन रंगवलेले सैनिक ठेवलेत. तिसरा, पंधरावा आणि अठ्ठाविसावा. चकतीखाली आकडे आहेत. त्यांच्याशी जुळव. फोटो मागू नकोस. फोटोत रंग खोटा येतो, हे मी छापखान्यात तीस वर्षं ओरडून सांगितलंय.

आणि हो, तू काळ्या शाईची कधीपासून झालीस? पाकीट उघडलं की कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं.

दादा


१४ ऑगस्ट

दादा,

तुझं सैन्य सुखरूप पोचलं. एकाचा हात निखळला होता, तो दाताच्या डिंकानं चिकटवला. आता त्याचा हात जाईल, पण जोड नाही सुटायचा.

काळी शाई म्हणे! तुझ्या चेष्टा काही संपायच्या नाहीत. दुकानदार माझ्या एकटीसाठी ही बाटली मागवतो.

आता माझे प्रश्न. ही मंडळी कुणाशी भांडतात? आणि का? शिरस्त्राणाच्या आत चेहरा आहे की नाही? एकाच्या पाठीवर पिंपासारखं काहीतरी आहे, ते हवेचं की पाण्याचं? विचारते अशासाठी, की हवेचं असेल तर झाकण घासून गुळगुळीत झालेलं दाखवायला हवं, पाण्याचं असेल तर ओघळ हवेत. लॅबमध्ये आम्ही आधी विचारतो माणूस चहा किती पितो, मगच दाताच्या मुळाशी पिवळा घालतो. दुपारच्या सुट्टीत मी एक सैनिक खिडकीत ठेवला, तर सगळ्या पोरी गोळा झाल्या. कवळ्या राहिल्या बाजूला, आणि याची बंदूक कशी चालते यावर वाद.

तुझ्या तिसऱ्याच्या पायाखाली दातेरी चाक दिसलं. भिंगातून पाहिलं आणि गलबलून आलं. अण्णांच्या घड्याळांच्या डबीतलं ना ते? मला वाटलं होतं ती डबी केव्हाच हरवली.

आता खरी अडचण. तीन नमुने पाठवलेस, पण पारवा यातला कुठला?

चिमी


२५ ऑगस्ट

चिमे,

पारवा यातला कुठला म्हणजे काय? तिन्ही!

तुझे प्रश्न मात्र झकास. चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही, मास्तरांनीसुद्धा नाही. तर ऐक. यांच्या ग्रहाला दोन चंद्र. पहिल्यावर श्रीमंत राहतात, दुसऱ्यावर हे. पाण्याच्या नळ्या पहिल्या चंद्रावरून येतात आणि तिकडचे लोक हवं तेव्हा बंद करतात. यांचं भांडण तेवढंच. पिंप पाण्याचं, ओघळ दाखव. शिरस्त्राणात चेहरा आहे, पण ते काढत नाहीत, धूळ फार. आणि त्यांचं चिलखत पारवं आहे कारण त्यांच्याकडची जमीनच त्या रंगाची. पडून राहिले तर दिसू नयेत म्हणून.

डबी अण्णांचीच. प्रत्येकाच्या पायाखाली एक तुकडा आहे. कुठे काटा, कुठे स्प्रिंग. वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं याहून चांगलं काय करणार होतो?

आता रंगाची थट्टा बंद कर आणि कामाला लाग.

दादा


६ सप्टेंबर

दादा,

थट्टा नाही रे. सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीत तिघांना ओळीनं उभं केलं. आमची पद्धत अशी की पाच सेकंद बघायचं, मग राखाडी कार्डावर नजर टेकवायची, मग पुन्हा बघायचं. जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच्या मनाचं सांगायला लागतो. असं तीन दिवस केलं. तुझा तिसरा खरोखर पारवा आहे, आईच्या शालीची आठवण करून देणारा. पंधरावा निळसर. आणि अठ्ठाविसावा चक्क निळा आहे, शाळेच्या गणवेशासारखा.

मग मी डोकं लढवलं. अस्तर वेगळं असेल म्हणून एकाच्या चकतीखाली खरवडून पाहिलं, माफ कर. अस्तर तेच. निळा रंग बाटलीत दाटला असेल? पण मग इतका सावकाश, पायरीपायरीनं कसा वाढेल? मग वाटलं, पुढचे वहिनी रंगवते आणि तू कबूल करत नाहीस. खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही.

तू थेंब मोजून मिसळतोस की नजरेनं?

सोबत नऊ ढाली आहेत, सैनिकांबरोबरच्या प्लास्टिकच्या चौकटीला जादा चिकटलेल्या होत्या त्या. मी रंगवल्यात. तुला सारख्या वाटतील त्या एकत्र ठेव आणि ढीग किती झाले ते कळव. मागचे आकडे आधी बघायचे नाहीत. लहानपणी पत्त्यांत बघायचास, म्हणून सांगून ठेवते.

चिमी


१७ सप्टेंबर

चिमे,

थेंब मोजतात ते शिकाऊ. मी नजरेनं मिसळतो. माझ्या नजरेवर छापखान्यातली चार रंगांची चार यंत्रं चालायची. मी मान हलवल्याशिवाय एक कागद पुढे जात नसे, हे तुला माहीत आहे.

वहिनीनं रंगवले असते तर एव्हाना सगळ्या गावाला कळलं असतं.

तुझ्या ढाली पाहिल्या. ढीग एक. फार ओढूनताणून बघितलं तर दोन किंचित मळकट वाटतात. नऊच्या नऊ पारव्या. तू माझी परीक्षा घेतेस की फिरकी, तेवढं सांग.

दादा


१८ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र मी लिहिलंय ते यांना माहीत नाही. उत्तर शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा.

यांनी काल तुमच्या ढाली टेबलावर मांडल्या, अर्धा तास बघितल्या आणि चिडून उठले. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते वर यायच्या आत मी तीन ढीग केले. मागचे आकडे पाहिले तर प्रत्येक ढीग बरोबर. यांना बोलले नाही. ढाली होत्या तशा पुन्हा एकत्र करून ठेवल्या.

बल्बचं तर विचारूच नका. दुकानदार आता यांना बघून आत जातो. मागच्या आठवड्यात एका पायात काळा मोजा आणि एका पायात गडद निळा घालून मंडळात गेले. मला वाटलं घाईत झालं असेल. वन्सं, हे काय आहे?

वहिनी


२९ सप्टेंबर

दादा,

वहिनीलाही कळवलंय आणि तुलाही सरळच सांगते. तुझे बल्ब चांगले आहेत. तुला मोतीबिंदू झालाय.

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डोळ्यातलं भिंगच हळूहळू पिवळं होतं. पिवळ्या काचेतून निळा दिसत नाही, म्हणून माणूस निळा घालत जातो, घालत जातो, आणि त्याला वाटतं अजून पारवाच आहे. तुझ्या चकत्यांखाली आकड्यांशेजारी तारखाही आहेत. तिसरा चार वर्षांपूर्वीचा, अठ्ठाविसावा यंदाच्या जूनमधला. दादा, तुझा हात चुकलेला नाही. तुला जे दिसलं त्याच्याशी तू अगदी बरोबर जुळवलंस. असं जुळवणं मला जमलं नसतं.

ऑपरेशन छोटं आहे. उशीर झाला तर भिंग कडक होतं आणि मग अवघड जातं, असं त्या म्हणाल्या. आणखी एक गोष्ट आहे, पण ती मी सांगणार नाही. डोळा बरा झाला की तुझी तुलाच दिसेल.

चिमी


५ ऑक्टोबर

ऑपरेशन छोटंच होतं म्हणे अण्णांचंही. एक डोळा गेला आणि दुसऱ्यानं सात वर्षं दुकान रेटलं. मी त्या डॉक्टरचं नाव आजही घेत नाही.

मला जेवढं दिसतं तेवढं पुरे. डबा परत पाठव, जसा असेल तसा. मास्तरांना कळवतो की यंदा जमत नाही.

दादा


१२ ऑक्टोबर

दादा,

डबा परत पाठवत नाही. आधी हे वाच. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

अण्णांचा डोळा डॉक्टरनं घालवला नाही.

तू तेव्हा छापखान्याच्या ट्रेनिंगला बाहेर होतास. मी पंधरा वर्षांची. ऑपरेशन चांगलं झालं होतं. सात दिवस पट्टी काढायची नाही, डोळ्याला काही टेकवायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली आणि अण्णा उठून बसले. म्हणाले, चिमे, हे घड्याळ परवा द्यायचंय, नुसतं बघतो चालतंय का. माझं भिंग आण. मी म्हटलं, डॉक्टर ओरडतील. ते म्हणाले, डॉक्टरला कोण सांगतंय?

मी भिंग आणून दिलं, दादा. मीच. त्यांनी पट्टी वर केली आणि नेहमीच्या सवयीनं ते भिंग त्याच डोळ्यात अडकवलं. चाळीस वर्षांची सवय, हात आपसूक तिकडेच गेला. भुवई आवळली आणि टाक्यांवर दाबलं गेलं. रात्री डोळा सुजला. मग पू झाला.

अण्णांनी मला शपथ घातली. आईला नाही, दादाला तर मुळीच नाही. त्यांना लाज वाटली होती, एवढा कसबी माणूस आणि असला पोरखेळ केला म्हणून. ते गेले तरी मी ती शपथ पाळली. तू त्या डॉक्टरला शिव्या घालायचास तेव्हा मी उठून आत जायची. तुला वाटायचं मला अण्णांची आठवण येते. मला माझी भीती वाटायची.

आता तू त्याच खोट्याच्या भीतीनं आंधळा व्हायला निघालास, तर ती शपथ गेली चुलीत. मी तुझी गुन्हेगार आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण डोळा दाखव.

चिमी


९ नोव्हेंबर

वन्सं,

उजवा डोळा उद्या सकाळी नऊ वाजता. महिनाभर घरात अवाक्षर नाही आणि आज स्वतःच पिशवी भरून तयार. अण्णांचं भिंग मी कपाटात कुलूप लावून ठेवलंय, किल्ली माझ्याकडे.

वहिनी


२४ नोव्हेंबर

चिमे,

हस्ताक्षर तुझ्या वहिनीचं, बोलणं माझं. डॉक्टरांनी महिनाभर लिहिणं-वाचणं बंद केलंय आणि ही बाई शिपायासारखी पहाऱ्याला बसलीय. (बसणारच. : वहिनी)

पट्टी निघाली आणि मी पहिल्यांदा भिंत बघितली. विचारलं, रंग कधी दिला? ही म्हणाली, सहा वर्षांपूर्वी. गंमत अशी की एकच डोळा झालाय. उजवा मिटला की सगळं चहात बुडवल्यासारखं, डावा मिटला की लख्ख. दिवसभर एक मिटतो, एक उघडतो. समोरच्या घरातल्या बाईंचा गैरसमज झाला, तो तुझ्या वहिनीनं जाऊन मिटवला.

मग पलटण बाहेर काढली. डाव्या डोळ्यानं बघितली, सगळे पारवे. उजव्यानं बघितली आणि कपाळाला हात लावला. सैन्य आहे की निळीचं दुकान? शेवटचे सहा तर मैलभरावरून दिसतील, लपतील कसले! तू सौम्य शब्दांत सांगितलंस गं. छापखान्यात मी माणसांना याहून थोड्या चुकीवर घरी बसवलंय, आणि त्यातल्या दोघांची तोंडं रोज डोळ्यांसमोर येतायत.

सगळे पुन्हा रंगवायला हवेत, पण ब्रश धरायची परवानगी नाही. काय करू सांग.

आणि ते दुसरं. महिनाभर उत्तर दिलं नाही ते रागानं नाही. पहिले आठ दिवस रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. मग डोळ्यांसमोर पंधरा वर्षांची तू उभी राहिलीस, हातात भिंग घेऊन. अण्णांना नाही म्हणायची आपल्या घरात कुणाची छाती होती? माझी नव्हती, आईची नव्हती. आणि तू एवढी वर्षं एकटी ते घेऊन वावरलीस, मी मात्र उठसूट त्या डॉक्टरचा उद्धार करत बसलो. चिमे, तू गुन्हेगार नाहीस. हे वहिनीला दोनदा लिहायला सांगितलंय. तू गुन्हेगार नाहीस.

दादा


२ डिसेंबर

दादा,

वहिनीनं पत्र वाचून दाखवताना इथे थांबावं : तुझं शेवटचं वाक्य मी लॅबमध्ये वाचलं आणि तासभर एकाही दाताचा रंग जुळला नाही. बास, याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता पलटण. खबरदार एकाला जरी पुन्हा रंगवलंस तर. डबा पाठवतेय, माझे बारा तयार आहेत, तुझे तीन नमुनेही आत आहेत. पिंपावर पाण्याचे ओघळ काढलेत. पायाखाली घड्याळाचे भाग नव्हते, म्हणून वाळूत एकेक मोडका दात पेरलाय. ओळखू येतोय का बघ, लोकांना दगड वाटतो.

रंग मी कुणा एकाशी जुळवला नाही. तुझ्या तिसऱ्यापासून निघाले आणि अठ्ठाविसाव्यापर्यंत बारा पायऱ्या केल्या, प्रत्येकीत निळा अर्धा थेंब जास्त. मी थेंब मोजते, मी शिकाऊ. आता सगळ्यांना तारखेप्रमाणे ओळीनं उभं कर आणि मध्ये जिथे उडी वाटेल तिथे माझा एक घाल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाल, आणि कुठे ठेच लागते का सांग. उजव्या डोळ्यानं बघायचं, लबाडी नको.

चिमी


१८ डिसेंबर

चिमे,

हे माझं हस्ताक्षर. कालपासून परवानगी मिळाली.

हरलो. पाचव्यांदा. मास्तरांनी माझी डावी बाजू तिसऱ्या फेरीतच कापून काढली. निळे लपले नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं.

पण सामना सुरू व्हायच्या आधी ऐक. चाळीसच्या चाळीस ओळीनं मांडले. एका टोकाला जमीन, दुसऱ्या टोकाला संध्याकाळ झाल्यासारखी, आणि मध्ये कुठे म्हणजे कुठे ठेच नाही. हॉलमधली माणसं आपापली टेबलं सोडून आली. मास्तर चष्मा वर करून दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. म्हणाले, ‘हे असं चढत जाणारं तुम्हाला सुचलं कसं?’ मी म्हटलं, ‘सुचलं नाही हो. मला तसं दिसलं.’ त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, मोजे धरून. मास्तरांनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, ‘तुमचे डॉक्टर कोण?’

दात मी पहिल्या झटक्यात ओळखला. डाव्या डोळ्याचं जानेवारीत ठरलंय.

घरी आलो आणि म्हटलं, वहिनीनं वाचून दाखवलेली पत्रं आता स्वतः वाचू. पत्रांचा डबा उघडला. पहिलं पत्र हातात घेतलं. मग मागचं काढलं, त्याच्या मागचं काढलं, पाच वर्षांची सगळी गादीवर पसरली. ही आली आणि विचारायला लागली, काय झालं, डोळ्याला त्रास होतोय का.

मला नोकरी लागली तेव्हा छापखान्यातून मी तुला एक शाईची बाटली आणून दिली होती, आठवतं? तू म्हणाली होतीस, आता जन्मभर हीच. मग काही वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की तू ती सोडलीस. सरळ बोललो नाही, पण मनात धरून होतो. चेष्टेत काळी शाई म्हणायचो ते त्यासाठी.

चिमे, तुझी सगळी पत्रं जांभळी आहेत गं.

दादा